पोटाचा चहा आणि पुडीवरची नावे

चीनमध्ये मांसाहार जरा जास्त झाला की शानझा उकळण्याची जुनी रीत आहे. शानझा म्हणजे हॉथॉर्नची लाल, आंबट फळे. या फळांच्या वाळलेल्या चकत्या, मोड आणलेले जव आणि शेनछू नावाचे आंबवलेले पीठ हे तिन्ही करपेपर्यंत भाजून अजीर्णावरचे एक प्रसिद्ध त्रिकूट तयार होते. समजूत अशी, की फळ मांस पचवते आणि जव धान्य. दक्षिणेकडे ग्वांगतुंग प्रांतात मान आहे तो वाळवून मुरवलेल्या संत्र्याच्या सालीला. तिथल्या शिनह्वेई भागातली साल निदान तीन वर्षे मुरलेली हवी, तरच ती खरी!

मोड आलेल्या जवात पिष्ट फोडणारे अमायलेज असते, हे खरेच. त्यामुळे हा चहा विज्ञानाला धरून आहे, असे ठासून सांगितले जाते. पण करपेपर्यंत भाजल्यावर आणि वर उकळल्यावर ते अमायलेज उरतेच कुठे? तरीही बरे वाटते, ते खोटे नव्हे. गरम पाणी, आंबट चव, घोटघोट पिण्यातली उसंत यांचा तो परिणाम असू शकतो. शिवाय साधे अजीर्ण काही तासांत आपोआपच शमते. आल्याची गोष्ट वेगळी. मळमळीवर, विशेषतः गरोदरपणातल्या, त्याचा उपयोग चाचण्यांतही दिसला आहे.

तेव्हा जेवणानंतरच्या कपभर चहाला हरकत घेण्याचे कारण नाही. धोका आहे तो पुडीत नेमके काय आहे हे ठाऊक नसण्यात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात ‘फांगजी’ऐवजी नावाने जवळची ‘ग्वांग फांगजी’ गेली. ही दुसरी वनस्पती अॅरिस्टोलोकिया कुळातली. तिच्यातल्या आम्लाने सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. तो पोटाचा चहा नव्हता, पण नावांचा घोळ कुठल्याही पुडीत होऊ शकतो.

‘स्लिमिंग टी’मध्ये अनेकदा सोनामुखी असते. ती रेचक आहे. तिने वजन घटल्यासारखे वाटते ते पाणी गेल्यामुळे. गोडीसाठी घातलेला ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेला, तर पोटॅशियम घटून रक्तदाब चढतो. ज्या पुडीवर घटकांची नावेच नाहीत, ती घेऊ नये. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असणाऱ्यांनी घेतलेली पुडीही आधी डॉक्टरांना दाखवावी. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा घास गिळताना अडकत असेल, तर चहा करीत बसू नये, तपासणी करून घ्यावी.