विश्लेषण : पंचवीस हजारांची की अडीच लाखांची? इलेक्ट्रिक गिटारच्या किमतीत दहापट फरक कशामुळे?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ वाजले. अशा कार्यक्रमांनंतर अनेक घरांत ‘मला इलेक्ट्रिक गिटार हवी’ हा हट्ट सुरू होतो. दुकानात गेल्यावर मात्र पालक चक्रावतात. दिसायला सारख्याच दोन गिटारी. एकीची किंमत पंचवीस-तीस हजार, दुसरीची अडीच लाखांच्या पुढे. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये रुपया पहिल्यांदाच डॉलरमागे नव्वदीच्या खाली घसरला. नामांकित ब्रँडच्या इलेक्ट्रिक गिटारी प्रामुख्याने आयात होत असल्याने त्याची झळ थेट ग्राहकाला बसते. हा दहापट फरक नेमका कशाचा, त्यातला किती कानाला जाणवतो आणि किती केवळ कर व नावाचा, हे समजून घेऊ.

एकाच आकाराच्या दोन गिटारी कशा?

इलेक्ट्रिक गिटारच्या बाजारात दोन अमेरिकी नावे सर्वात मोठी, फेंडर आणि गिब्सन. फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ मध्ये आली, तर गिब्सनची ‘लेस पॉल’ १९५२ मध्ये. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी या गिटारींच्या उत्तम आणि स्वस्त नकला बाजारात आणल्या. त्यांना तोंड देण्यासाठी फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्येच ‘स्क्वायर’ हा स्वतःचा स्वस्त ब्रँड सुरू केला. ‘एपिफोन’ ही मूळची गिब्सनची प्रतिस्पर्धी कंपनी. गिब्सनच्या मालकांनी १९५७ मध्ये ती विकत घेतली आणि पुढे तीच लेस पॉलची स्वस्त आवृत्ती बनवू लागली.

आज स्क्वायर इंडोनेशिया व चीनमध्ये तयार होते, एपिफोन चीनमध्ये. इंडोनेशियातील सुराबाया येथील कॉर-टेक कंपनीच्या कारखान्यातून स्वतःच्या ‘कॉर्ट’बरोबरच स्क्वायर, आयबानेझ आणि ‘पीआरएस एसई’ अशा वेगवेगळ्या नावांच्या गिटारी बाहेर पडतात. महागडी फेंडर कॅलिफोर्नियातील कोरोना येथे बनते, लेस पॉल नॅशव्हिलमध्ये. या दोन टोकांच्या मधली पायरी म्हणजे फेंडरचा मेक्सिकोतील एन्सेनाडा येथील कारखाना. म्हणजे किमतीतील पहिला मोठा फरक पत्त्याचा आहे. अमेरिकेतील कामगाराचा तासाचा पगार आणि सुराबायातील पगार यांत मोठी तफावत आहे आणि गिटार पूर्ण व्हायला माणसाचे हात अजूनही बरेच तास लागतात.

आवाज येतो कुठून?

सतारीत किंवा साध्या गिटारीत पोकळ भाग आवाज घडवतो. तिथे लाकूड आणि कारागीर हेच सर्वस्व. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच हातकामासाठी. इलेक्ट्रिक गिटार मात्र बहुधा भरीव असते. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला ‘पिकअप’ म्हणतात. धातूची तार कंप पावली की वेढ्यांत वीज निर्माण होते. शाळेत शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा क्षीण प्रवाह अॅम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकरमधून आवाज ऐकू येतो.

म्हणजेच ऐकू येणाऱ्या आवाजात तारा, पिकअप, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा वाटा मोठा. भरीव लाकडामुळे आवाज किती बदलतो, यावर वादकांमध्ये वर्षानुवर्षे वाद सुरू आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : चांगल्या अॅम्प्लिफायरवर वाजवलेली पंचवीस हजारांची गिटार, सुमार अॅम्प्लिफायरवरच्या दोन लाखांच्या गिटारीपेक्षा कानाला बरी लागू शकते.

मग जास्तीचे पैसे कशाचे?

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांमुळे स्वस्त गिटारींचा दर्जा झपाट्याने सुधारला. लाकूड कापणे आणि खाचा पाडणे ही कामे यंत्र दोन्हीकडे सारख्याच अचूकतेने करते. फरक पडतो तो यंत्रानंतर. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, हाताने घासून गुळगुळीत करणे, कडा गोल करणे, तारांची उंची जुळवणे यावर महागड्या गिटारीत वेळ दिला जातो. स्वस्त गिटारीत तो वाचवला जातो. त्यामुळे कधी फ्रेटची टोके बोटांना टोचतात, कधी तार खरखरते.

दुसरा फरक सुट्या भागांचा. स्वस्त गिटारीत बहुधा सिरॅमिक चुंबकाचे पिकअप, हलक्या खुंट्या आणि प्लास्टिकचा नट असतो. महागड्या गिटारीत अल्निको चुंबक, सूर घट्ट धरणाऱ्या खुंट्या आणि अनेकदा हाडाचा नट मिळतो. गंमत म्हणजे हे बहुतेक भाग नंतर बदलता येतात.

तिसरा फरक लाकडाचा. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराची कडक बंधने आली. तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. तोवर स्वस्त मालिकांतील बोटपट्टीसाठी शिसवाऐवजी ‘इंडियन लॉरेल’ वापरले जाऊ लागले होते. हे लॉरेल म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात दिसणारा आपला ऐन. वाजवताना हा बदल नवख्याच्या लक्षातही येत नाही.

नवी मुंबईच्या हवेत तर एका बाबतीत स्वस्त गिटार उजवी ठरते. गिब्सनच्या महागड्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर असतो. तो नाजूक असतो आणि काही प्रकारच्या रबरी स्टँडच्या संपर्कानेही खराब होतो. स्वस्त गिटारींवरील पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर खाडीकाठचा दमटपणा आणि रोजची हाताळणी जास्त सहन करतो. तारा मात्र पावसाळ्यात दोन्हीकडे गंजतात.

बंदरात किंमत किती वाढते?

पश्चिम भारतात समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचा मोठा दरवाजा म्हणजे उरणचे न्हावाशेवा बंदर. आयात गिटारवर १० टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी लागतो. वाद्यांवरील जीएसटी नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सतार, तानपुऱ्यासारखी देशी हातबनावटीची वाद्ये जीएसटीमुक्त आहेत.

उदाहरण घेऊ. वाहतूक आणि विम्यासह गिटारचे मूल्य २० हजार रुपये असेल, तर शुल्क २,००० आणि अधिभार २०० रुपये. २२,२०० रुपयांवर आयजीएसटी ३,९९६ रुपये. एकूण २६,१९६ रुपये. हेच मूल्य दीड लाख असेल, तर आकडा १,९६,४७० रुपयांवर जातो. बंदरात येण्यापूर्वी दोन्हींत १ लाख ३० हजारांचे अंतर होते, ते १ लाख ७० हजारांवर गेले. महाग गिटारवरचा नुसता कर ४६,४७० रुपये आहे. तेवढ्यात बंदरातून सुटलेल्या पावणेदोन स्वस्त गिटारी येतील. आयातदाराला आयजीएसटीची वजावट मिळते, पण दुकानदार नफा धरून ठरवलेल्या किमतीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावतो. तो शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातो.

अर्थात करामुळे किमती दहापट होत नाहीत. कर दोन्हींवर एकाच टक्केवारीने लागतो. मूळ किमतीतील अंतर मात्र तो रुपयांत ताणतो. रुपया घसरला तरी हेच घडते.

नक्कल कशी ओळखायची?

खरा धोका स्वस्त गिटारचा नाही, तर महागड्या नावाच्या बनावट गिटारचा आहे. चाळीस हजारांत ‘नवी कोरी गिब्सन’ मिळत असेल, तर ती बनावट समजावी. बौद्धिक संपदेविषयीच्या २००७ च्या नियमांनुसार सीमाशुल्क विभाग असा माल अडवू शकतो, म्हणजे पैसे भरूनही गिटार हाती येईलच असे नाही. जुनी गिटार घेताना अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्यावा. गिब्सनच्या माथ्यावरील लहान प्लास्टिकच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. अनेक नकलांत तीन आढळतात.

मग घ्यायची कोणती?

ब्रायन मे याला साठच्या दशकात फेंडर परवडत नव्हती. त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली. तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीसोबत ‘क्वीन’ बँडमध्ये तो आयुष्यभर हीच गिटार वाजवत आला.

शिकणाऱ्यासाठी हिशेब सरळ आहे. एकूण खर्च चाळीस हजार ठरवला असेल, तर तो सगळा गिटारवर घालवू नये. पंचवीस हजारांपर्यंतची नामांकित ब्रँडची गिटार, उरलेल्यात ठीकठाक अॅम्प्लिफायर आणि हजार-दोन हजार रुपये कारागिराकडून सेटअप करून घेण्यासाठी राखावेत. सेटअप म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक आणि सूर जुळवणे. स्वस्त गिटार आणि मधल्या गिटारमधील बराच फरक तिथेच भरून निघतो. ऑनलाइन घेण्याआधी दुकानात जाऊन फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे.

अमेरिकी गिटारला पुनर्विक्रीत तुलनेने चांगली किंमत येते, ही तिची जमेची बाजू. पण हप्त्यांवर अडीच लाखांची गिटार घेऊन सहा महिन्यांत ती कपाटामागे गेली, तर ही बाजूही फारशी कामी येत नाही. दोन-तीन वर्षे नेमाने वाजवणाऱ्याला स्वतःच्या गिटारचे नेमके काय खटकते, हे सांगता येते. महागड्या गिटारचा विचार करण्याची वेळ ती.