मंगळावरचे गाणे

संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाणे आले की ते कोणाचे, हे विचारावे लागत नाही. साथीदार सूर धरतात, पात्र दोन पावले पुढे येते आणि शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनचा हा रिवाज. प्रेक्षकांनी 'वन्समोअर' दिला, तर तेच दुःख आणखी चार ताना घेऊन पुन्हा गायले जाते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मी म्हणते, हसा खुशाल. पण त्या गाण्याला मालक होता, आणि तो आपल्यासमोर उभा राहून गात होता.

हे आठवायचे कारण एक इंग्रजी मालिका. या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी ती मला बळेच पाहायला बसवली. 'लाइफ ऑन मार्स' तिचे नाव. बीबीसीने ती २००६ आणि २००७ या दोन वर्षांत दाखवली. भाग एकंदर सोळा. नावावरून मी यान, अंतराळवीर, तांबडी माती अशी मनाची तयारी करून बसले होते. मालिकेत मंगळ कोठेच नाही. आहे ते मँचेस्टरमधले एक कळकट पोलीस ठाणे.

गोष्ट अशी आहे. सॅम टायलर नावाचा २००६ सालचा एक शिस्तीचा, कायद्याला धरून चालणारा पोलीस अधिकारी. जॉन सिम या नटाने ही भूमिका फार चांगली केली आहे. हा सॅम अस्वस्थ मनाने गाडी बाजूला घेतो. गाडीत आयपॉडवर एक गाणे चाललेले असते. तो खाली उतरतो आणि दुसरी एक गाडी त्याला उडवते. डोळे उघडतात तेव्हा तो एका उजाड माळावर पडलेला असतो. अंगात मोठ्या कॉलरचा शर्ट, आणि साल १९७३. शेजारी एक जुनी गाडी उभी असते आणि तिच्यातल्या टेपवर तेच गाणे, जणू मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात, पुढे चालू असते. आपण वेडे झालो आहोत, बेशुद्ध आहोत, की खरोखरच मागच्या काळात आलो आहोत, हे कोडे सॅमला सोळाही भागांत सुटत नाही. एका काळातून दुसऱ्या काळात जाताना सामान म्हणून त्याच्याबरोबर आले ते एवढे एक गाणे.

ते गाणे डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाचे. त्याची जन्मकथा आमच्या साहित्यिक भांडणांत शोभावी अशी आहे. १९६८ साली बोवीने एका फ्रेंच गाण्याच्या चालीवर इंग्रजी शब्द लिहून दिले, ते नापसंत झाले. त्याच चालीवर पॉल अँका याने शब्द लिहिले, फ्रँक सिनात्राने ते गायले आणि 'माय वे' जगभर गाजले. बोवीच्या मनात ते सलत राहिले. मग त्याने तशाच वळणाचे स्वतःचे गाणे रचले आणि १९७१च्या 'हंकी डोरी' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर ते 'फ्रँकी'वरून सुचल्याचे चक्क नमूदही केले. नापसंत कवितेचा सूड इतका सुरेल घेतलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. १९७३च्या जूनमध्ये हे गाणे सुट्या रेकॉर्डवर निघाले आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. म्हणजे सॅमला त्या वर्षात नेऊन टाकणाऱ्या लेखकांनी गाणे काही उगाच निवडलेले नाही.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे माझे लक्ष भलत्याच ठिकाणी गेले. गाण्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. मालिकेच्या नावापुढे ते नाही. मंगळावर जीवसृष्टी आहे का, असे गाणे विचारते. मालिका म्हणते, मंगळावरचे जीवन. एका चिन्हाच्या गळतीने प्रश्नाचे विधान झाले. आणि मंगळ म्हणजे दुसरे काही नसून तेहतीस वर्षांपूर्वीचे आपलेच गाव, हेही सांगून झाले. उत्तरपत्रिकेत प्रश्नचिन्ह विसरणाऱ्या मुलांचे मी अर्धा गुण कापत असते. येथे पूर्ण गुण द्यावे लागले.

आता त्या १९७३बद्दल. तेव्हा ब्रिटनमध्ये पुरुष गायक चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट आणि डोळ्यांना रंग लावून गात असत. बोवी, टी. रेक्स, रॉक्सी म्युझिक, स्लेड, स्वीट ही त्या काळची मोठी नावे. मालिका त्या वर्षांच्या अशा गाण्यांनी भरलेली आहे. पार्श्वसंगीतासाठी एडमंड बट नावाचा स्वतंत्र संगीतकार आहे, आणि तो आपले काम चोख करतो. पण मोक्याच्या जागी जुनी रेकॉर्डच वाजते. ठाण्याचा प्रमुख जीन हंट हा अस्सल जुन्या वळणाचा माणूस. दारू पितो, बायकांबद्दल वाटेल ते बोलतो, पुरावा नसला तर तयार करतो, संशयिताला आधी ठोकतो आणि मग नाव विचारतो. फिलिप ग्लेनिस्टरने तो असा उभा केला आहे की त्याचा राग येता येता राहतो. हा राहतो का, याचा मी बारकाईने शोध घेतला. हंटसाहेबांची फोर्ड कॉर्टिना गल्लीतून सुसाट निघते, त्याच वेळी गिटार आणि ढोल कडाडू लागतात, आणि माझ्यासारखी सुशिक्षित बाईसुद्धा पायाने ठेका धरते. गाडीतून उतरून तो कोणाला तरी भिंतीशी चेपतो, तोपर्यंत आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. साक्षीपुराव्याशिवाय माणूस निर्दोष सुटला, तो गिटारच्या जोरावर.

एका भागात सॅमला रात्रीच्या क्लबात टी. रेक्सचा मार्क बोलन भेटतो. सॅम त्याला ओळखतो, भांबावतो, आणि मिनी गाड्यांपासून जपून राहा असे सांगतो. बोलनला त्या बोलण्यातले काय कळणार! खरा बोलन १९७७च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये मिनीच्याच अपघातात गेला. मालिकेतला हा विनोद आहे. मला मात्र तेथे हसू आले नाही. पुढचे सगळे माहीत असलेला माणूस, समोर धडधाकट गायक, आणि हातात एवढेच की जप बाबा.

सगळ्याच मालिका गाण्याला असे घरात घेत नाहीत, हेही सांगायला हवे. अमेरिकेत २००० साली गुन्ह्यांच्या तपासाची 'सीएसआय' ही मालिका सुरू झाली. पुढे तिच्या मायामी, न्यूयॉर्क आणि सायबर अशा शाखा निघाल्या. मालिका अमेरिकन, पण चौघींचीही शीर्षकगीते 'द हू' या एकाच ब्रिटिश वाद्यवृंदाची. तेथे गाण्याचे काम दारावरच्या घंटेचे : वाजली की प्रेक्षकाने स्वयंपाकघरातून बाहेर यावे. पण या घंटांतली एक आपल्या घरची निघाली. न्यूयॉर्कच्या मालिकेचे गाणे 'बाबा ओ'रायली', १९७१चे. त्यातला ओ'रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. आणि बाबा म्हणजे मेहेरबाबा. होय, तेच. १८९४ साली पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचे.) गाणे रचणारा पीट टाउनशेंड हा त्यांचा अनुयायी. बाबांच्या जीवनाचा तपशील यंत्रात घालावा आणि यंत्राने त्यातून आपोआप सूर काढावेत, अशी त्याची मूळ कल्पना होती. शेवटी ते सूर त्याने साध्या घरगुती ऑर्गनवर वाजवून घेतले. गाण्याच्या शब्दांत बाबांचे नाव कोठेच येत नाही, ते फक्त वेष्टणावर राहिले. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ अवाक्षर न बोललेला माणूस, आणि त्याच्या नावाचे गाणे न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या आधी ढोल पिटत येते! नगरच्या आमच्या आत्याबाई दर वर्षी न चुकता समाधीला जातात. त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. त्यांना कुठं ऐकू जायचं राहिलंय?" यावर मी काय बोलणार?

असो. सॅमकडे येते, कारण माझे खरे भांडण त्याच्या शेवटाशी आहे. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी हा भाग वगळावा.

सोळाव्या भागात सॅम २००६मध्ये शुद्धीवर येतो. सगळे छान, स्वच्छ, काचेचे. पण तो तेथे रमत नाही. एका बैठकीत त्याचे बोट कापले जाते आणि त्याला ते कळतही नाही. १९७३मधल्या गुत्तेवाल्याने त्याला सांगितलेले असते की जाणवते आहे तोवर आपण जिवंत आहोत. सॅम आईशी बोलतो. त्याने त्या दुसऱ्या काळात कोणाला तरी शब्द दिलेला आहे. मग तो ठाण्याच्या गच्चीवर जातो, बोवीचे गाणे सुरू होते, सॅम हसतो, धावतो आणि कठड्यापलीकडे झेपावतो. पुढच्या क्षणी तो १९७३मध्ये, आपल्या माणसांत.

आमचे चिरंजीव भारावून गेले होते. वय सतरा. "आई, तो घरी गेला," तो म्हणाला.

मी म्हटले, "ते दृश्य पुन्हा लाव. आवाज बंद करून."

"का?"

"लाव तर खरे."

त्याने लावले. आवाज नाही. एक तरुण माणूस गच्चीवर एकटा उभा आहे. मागे शहर आहे. तो हसतो, आणि त्या हसण्याला आता काही कारण दिसत नाही. तो धावू लागतो. चिरंजीवांनी हात लांब करून रिमोट घेतला. "बस्स," तो म्हणाला, "आवाज लाव ना. हे बघवत नाही."

माझे म्हणणे एवढेच होते, आणि ते त्याच्याच तोंडून आले. ते दृश्य लेखकाने लिहिले, नटाने केले, पण ते आपल्याकडून मान्य करून घेतले गाण्याने. शकुंतला स्वतः गाते तेव्हा ती रडते आहे हे आपल्याला दिसत असते. येथे गाणारा दुसराच, त्याला या गच्चीची वार्ता नाही, आणि त्याच्या पस्तीस वर्षे जुन्या आवाजाने एका माणसाच्या मरणाला घराची वाट म्हटले. रचना म्हणून ती मला उत्तम वाटते. मी ती चार वेळा पाहिली, आणि आवाजासह पाहिली तेव्हा चारही वेळा डोळे भरून आले. म्हणूनच तर धास्ती वाटते. माझ्यासमोर वर्गात दर वर्षी सव्वाशे मुले बसतात. त्यांतली चार-दोन कधी कधी अशी बसतात की बोट कापलेलेही कळणार नाही. कानात सदैव काही तरी वाजत असते. ते काय असते हे मी पूर्वी विचारत नसे. आता विचारते. मुले आधी बिचकतात, मग एक कान काढून माझ्या हातात देतात.

आणि त्या आईचे काय? मुलगा शुद्धीवर आला म्हणून ती सुखावली असेल. दोन दिवसांत तो गच्चीवर गेला. तिच्यासाठी मालिकेत एकही गाणे ठेवलेले नाही. २००८ ते २०१० या काळात 'अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस' हा दुसरा खेळ निघाला, तेही नाव बोवीच्याच गाण्याचे. त्याच्या शेवटी उघड झाले की हंटसाहेबांचे ते जग मेलेल्या पोलिसांचे आहे. म्हणजे सॅम मेलाच होता. "बघ," असे मी म्हटले नाही. चिरंजीवांना ते आधीच ठाऊक होते.

त्या रात्री तो माझ्या खोलीत आला. म्हणाला, "नुसते गाणे ऐक. चित्र नको." आम्ही दिवा मालवून ऐकले. रिक वेकमनचा पियानो, मिक रॉन्सनने बांधलेली व्हायोलिने, वर वर चढत जाणारा तो आवाज. गाणे संपले असे वाटून मी काही बोलणार, तो त्याने हात धरला. व्हायोलिने विरल्यावर अगदी पुसट, मागे कोठे तरी एक टेलिफोन वाजतो. ध्वनिमुद्रण चालू असताना स्टुडिओत वाजलेला खराच फोन. तो त्यांनी तसाच राहू दिला. मालिकेत सॅमला इस्पितळातले आवाज अशाच एखाद्या फोनमधून ऐकू येतात.

"परत लाव," मी म्हटले. त्याने शेवटची काही सेकंदे पुन्हा लावली, आणि आम्ही दोघे अंधारात कान देऊन बसलो.