आधीचे चार ग्राहक

'कलेक्टर एनए प्लॉट' असं ब्रोशरवर ठळक छापायचं, इसार घ्यायचा आणि सातबाऱ्यावर मात्र जमीन जिरायतच. फसलेला ग्राहक कोर्टात गेला की विक्रेत्याची कैफियतही ठरलेली: अर्ज दिला होता, परवानगी अडकली, मजकूर एजंटाने परस्पर छापला. मग वादीचा वकील त्याच माणसाकडून असेच प्लॉट घेतलेले आणखी चार ग्राहक साक्षीला आणू पाहतो आणि समोरून हरकत येते की, त्यांच्या व्यवहाराचा या दाव्याशी संबंध काय? ही हरकत सरसकट मान्य करू नये, तशी सरसकट फेटाळूही नये. विक्रेत्याच्या मनात काय होतं, हे वादात आहे का, एवढं आधी पाहावं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२ आणि १३ आहेत. १८७२ च्या कायद्यातली १४ आणि १५ तीच. कृत्य चुकून घडलं की जाणूनबुजून, असा वाद असेल तर त्याच व्यक्तीचा हात असलेल्या तशाच घटनांची मालिका कलम १३ खाली दाखवता येते. त्यातलं जुनं उदाहरण बोलकं आहे: एक माणूस एकामागून एक घरांचा विमा उतरवतो, प्रत्येक घराला आग लागते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीकडून पैसे मिळतात. 'एजंटाची चूक' एकदा पटते. पाचव्या ब्रोशरवर तीच चूक दिसली की पटत नाही. पण कलम १२ लगाम घालतं. मनाची स्थिती दाखवायची ती नेमक्या त्या बाबीपुरती, सर्वसाधारण वृत्ती म्हणून नव्हे. 'हा मुळातच लबाड' एवढंच सांगणारा साक्षीदार म्हणूनच बाहेर. दिवाणी दाव्यात माणसाच्या चारित्र्यावरून त्याच्या कृत्याचा अंदाज बांधणं कलम ४६ ला मान्य नाही.

इथे ग्राहकांच्या वकिलांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. रेराच्या कलम १२ खाली जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे झालेल्या नुकसानाची भरपाई मागताना विक्रेत्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. करार कायद्याच्या कलम १८ मधल्या निष्पाप चुकीच्या निवेदनालाही तो लागत नाही. अशा ठिकाणी चार जुने ग्राहक उभे करणं म्हणजे नुसता रंग भरणं. कलम १७ ची फसवणूक किंवा न्याय संहितेच्या कलम ३१८ ची ठकवणूक म्हटली की चित्र बदलतं. ठकवणुकीत तर सर्वोच्च न्यायालय सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू होता का, हे पाहतं. नुसता करारभंग पुरत नाही. सुरुवातीचा हेतू कागदावर कोणी लिहून ठेवत नाही, आधीच्या व्यवहारांतूनच तो दिसतो.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की, शेकडो फ्लॅट विकणाऱ्याविरुद्ध तक्रारी असणारच, आणि प्रत्येक तक्रार तपासायची तर खटल्यात खटला सुरू होईल. भीती खरी आहे. म्हणून संख्या मोजू नये, साम्य पाहावं. ताबा उशिरा मिळाल्याच्या पन्नास तक्रारी एनएच्या दाव्यात निरुपयोगी. तोच मजकूर, तसाच सातबारा आणि तशीच पावती घेऊन आलेले दोन ग्राहक पुरे. ओब्रायन खटल्यात २००५ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिवाणी दाव्यांसाठी हाच क्रम सांगितला: आधी सुसंगतता, मग वेळ, खर्च आणि अन्यायाचा धोका तोलून न्यायाधीशाचा निर्णय. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण दुसरी बाजू दाखवतं. बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी, ही पद्धत सारखीच. पण विकासक अनेक. पद्धत जुळली म्हणून एकाचं कृत्य दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, कलम १३ ला प्रत्येक घटनेत तोच माणूस लागतो.

खरी अडचण पुढेच आहे. प्रकल्पागणिक नवी एलएलपी निघते आणि 'तो आमचा प्रकल्पच नव्हता' म्हणायची सोय होते. त्यासाठी भागीदारांची नावं आणि रेराच्या कलम ४ खाली प्रवर्तकाने गेल्या पाच वर्षांतल्या प्रकल्पांची व प्रलंबित खटल्यांची दिलेली माहिती आधीच काढून ठेवावी. जुना निकाल नुसता जोडूनही भागत नाही, कारण दुसऱ्या पक्षकारांमधला निवाडा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३७ खाली सहसा सुसंगत धरला जात नाही; तो ग्राहकच पिंजऱ्यात यायला हवा, उलटतपासणीला सामोरा जायला हवा. आणि हे सारं वादपत्रात तपशिलाने लिहिलेलं हवं. फसवणुकीचा तपशील द्यावा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ मध्ये स्पष्ट आहे. ते न करता पुराव्याच्या टप्प्यावर चार माणसं आणणाऱ्या वादीविरुद्ध हरकत मान्य झाली, तर दोष न्यायाधीशाचा नाही.