राबायला सगळे, बसायला मूठभर



परक्यांचे माप आपण आजवर पुष्कळ काढले. ते काढणे जरूर होते आणि पुढेही काढावे लागेल. पण आज आपलेच माप काढावयाचे आहे. आपल्यातून जे वर गेले, जे आज कारखान्याचे संचालक, गावचे कारभारी, टोळीचे मुकादम, संघाचे चिटणीस म्हणून मिरवतात, त्यांस आमचा एकच सवाल आहे. काम पडले की तुम्हांस साऱ्या जातींचे हात लागतात, बायांचे हात तर पुरुषांच्या आधी लागतात. मग निर्णयाची बैठक भरली की तीच माणसे दाराबाहेर का?

हा सवाल आम्ही नव्याने शोधून काढलेला नाही. तो आपल्या वाडवडिलांचा आहे. १८९४ साली शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर बसले, तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण खात्यातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. राज्याचा सारा भरणारा शेतकरी, गाडी घडविणारा सुतार, मोट शिवणारा चांभार यांपैकी कचेरीत कोण होते? शिपाई आणि अर्जदार! महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या लोकांस द्याव्या. तेव्हा केवढी ओरड झाली! म्हणे, लायकी बुडाली, कारभार रसातळाला चालला. आपण त्या ओरडीस भीक घातली नाही. आपण म्हणालो, ज्याचे जळते त्याला कळते. म्हणून ज्याचे जळते त्याला कचेरीत बसू द्या.

महाराज नुसता हुकूम काढून थांबले नाहीत. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून ज्याला मार बसला होता, त्या गंगाराम कांबळ्यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले. तेथे स्वतः गाडी थांबवून चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींसही पाजला. पुढारीपण म्हणजे हे. आधी आपण बसावे, मग दुसऱ्यास बस म्हणावे.

कामगारांच्या चळवळीतही आपल्या लोकांस हे उमगले होते. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संस्था उभारली. २४ एप्रिल १८९० च्या त्यांच्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या गर्दीपुढे दोन कामकरी बाया बोलावयास उभ्या राहिल्या. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली. आज जो तो रविवारी पाय पसरून निजतो. त्या सुटीसाठी बायाही उभ्या राहून बोलल्या होत्या, हे किती जणांच्या ध्यानात आहे?

येथवर आपली वाहवा झाली. आता पुढचे ऐका. ते गोड लागणार नाही.

त्याच मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे खाते होते. तेथे इतर पुष्कळ खात्यांपेक्षा चार पैसे अधिक मिळत. कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी धोट्यात घालावयाची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावयाचे, अशी तेथील रीत. एकाचे तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचेही तोंड लागणारच. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारास त्या खात्यात पाय ठेवू देत नसत. त्याने कमी पगाराच्या खात्यात राबावे. सूत त्याने कातलेले चाले. तेच सूत त्याने ओढलेले चालत नसे! आणि त्याची वाट अडवून उभे कोण होते? गिरणीचा मालक नव्हे. साताऱ्याहून, रत्नागिरीहून पोटासाठी आलेले आपलेच कुणबी-मराठे भाऊ. बाट धाग्याला होता की पगाराला, हे ज्याचे त्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. लाखावर माणसे बेकार बसली, घरोघरची भांडी गहाण पडली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांस सांगितले की, आमच्या माणसांस सर्व खाती मोकळी करण्याची मागणी तुम्ही करणार नसाल, तर आम्ही त्यांस संपात राहू नका असे सांगू. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली आणि मालकांपुढे ठेवली. मालकांचे उत्तर काय आले? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! ही हकीकत बाबासाहेबांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात सायमन कमिशनपुढे सांगितली, आणि मालकांनी पुढाऱ्यांस झिडकारले ते योग्यच केले, असेही म्हटले.

वाचकहो, ते उत्तर पुन्हा एकदा वाचा. ज्याच्याशी झगडावयाचे तोच मालक न्यायाच्या आसनावर बसला आणि कामगारांचे पुढारी खाली मान घालून उभे राहिले. हे कशाने झाले? आपल्याच घरातील अन्याय झाकून दुसऱ्याच्या दारी न्याय मागावयास गेल्याने. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्यास साथ दिली नाही. मग ‘फूट पडली, फूट पडली’ म्हणून हाकाटी झाली. अहो, फूट त्या दिवशी पडली नाही! ज्या दिवशी धोट्यावर पहारा बसविला त्या दिवशीच ती पडली होती.

कोणी म्हणेल, या शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्याही गेल्या, आता हे उकरून काय मिळणार? तर मुंबई सोडून उसाच्या फडात या. तेथे मालक परका नाही.

१९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग महाराष्ट्रभर धुराडी दिसू लागली. शेतकऱ्याने स्वतःच्या भागावर स्वतःचा कारखाना काढावा, ही बहुजन समाजाच्या मगदुराची केवढी मोठी साक्ष! ती आम्ही विसरत नाही. पण त्या कारखान्यास ऊस तोडून देतो कोण? बीडकडून व इतर कोरडवाहू मुलखातून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या नि ट्रक भरून निघतात, ती माणसे. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठे आहेत, दलित आहेत. तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोन जिवांचा एक कोयता! नवरा ऊस तोडतो. बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढविते, पहाटे उठून भाकरी थापते, रात्री कोपीत लेकराला पाजते. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमापाशी. एक दिवस अंग दुखले म्हणून ती बसली की खाडा, आणि खाड्याचा दंड जोडीच्या डोक्यावर.

या खाड्याच्या भीतीपायी काय घडले ते साऱ्या महाराष्ट्राने २०१९ साली वाचले. सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली आढळली. ऐन उमेदीतल्या बाया! महिन्याची पाळी आली तर फडात आडोसा नाही, पाणी नाही, विसावा नाही. दुखणे घेऊन दवाखान्यात गेले तर पिशवी काढून टाका हा सल्ला. बाईचे शरीर पुरुषाच्या शरीरासारखे नाही, हे सांगावयास का वेद लागतो? पण कामाची रीत ठरविणाऱ्यांनी ती बाई कोयत्यातच धरली, माणसांत धरली नाही. तिच्या वेगळेपणाची सोय करावी लागू नये म्हणून तिने आपले वेगळेपणच कापून टाकावे, अशी पाळी आणली.

आणि हे ठरविणाऱ्या बैठकीत ती होती का? सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात जास्तीत जास्त २१ जण बसतात. त्यांत बायांसाठी कायद्याने राखलेल्या जागा २. त्या दोन खुर्च्यांवरही बहुधा कोण बसते? कोणाची तरी सून, कोणाची तरी भावजय. आणि ऊस तोडणारी तर सभासदच नाही, मग खुर्चीची गोष्ट लांबच राहिली. फडात एक दिवस मोळी वाहिलेली एक बाई त्या मंडळात असती, तर पाण्याची टाकी आणि चार भिंतींचा आडोसा एवढी गोष्ट पंचवीस पंचवीस वर्षे अडून राहिली असती काय?

गावात या. १९९३ पासून पंचायतीत बायांना एकतृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. कायद्याने खुर्ची दिली, आणि आपण काय केले? खुर्चीवर बाईचे नाव आणि बैठकीत बाईचा नवरा! सही तिची, बोलणे त्याचे. लोकही त्यालाच ‘सरपंच’ म्हणून हाक मारतात आणि तोही ‘ओ’ देतो. लाज कोणालाच वाटत नाही. राखीव जागेवर दलित सरपंच आला की त्याच्या घरी कारभारी चहाला जात नाहीत. आपल्या वाड्यावर कागद मागवून घेतात. शाहू महाराजांची जयंती मात्र याच पंचायतीत हार घालून साजरी होते. महाराजांनी कांबळ्यांच्या दुकानी घेतलेला चहा तुम्हांस अजून कडूच लागतो, मग हार कशाला घालता?

यावर आपले पुढारी दोन उत्तरे देतात. पहिले लायकीचे. ‘तिला काय कळते? तो अजून तयार नाही.’ अरे, हेच वाक्य १९०२ साली तुमच्या आजोबांस ऐकविले होते! तेव्हा ते खोटे होते, तर आज तुमच्या तोंडी ते खरे कसे झाले? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कारटे, हाच न्याय ना? पोहणे काठावर बसून येत नाही. विहिरीत उतरू दिले तरच येते.

दुसरे उत्तर गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे. ‘आमच्या गावात पूर्वीपासून सगळे होतेच की! बारा बलुतेदार गुण्यागोविंदाने नांदत होते. सुताराशिवाय नांगर नाही, लोहाराशिवाय फाळ नाही, मातंगाशिवाय नाडा नाही.’ खरे आहे. हात बाराही जणांचे लागत होते. पण चावडीवर घोंगडी कोणासाठी अंथरली जात होती आणि पायरीशी उभे कोण राहत होते? खळ्यावर रास कोण मोजीत होता आणि पदर पसरून कोण थांबत होते? प्रत्येकाचे काम निराळे, यात दोष नाही. दोष आहे तो निराळेपणाची उतरंड रचण्यात. वरच्या मडक्याने खालच्यावर बसावे आणि खालच्याने तडा जाईपर्यंत भार सोसावा, याला एकोपा म्हणत नाहीत.

आम्ही कोणाचे वेगळेपण पुसा असे म्हणत नाही. शेताचेच पाहा. एका जमिनीला ज्वारी मानवते, दुसरीला भात. शहाणा कुणबी काळ्या रानात नि मुरमाड रानात एकच बी टाकीत नाही, आणि मुरमाड रान नापीक म्हणून सोडूनही देत नाही. तो त्याचा गुण ओळखतो. एवढी अक्कल आपण मातीच्या बाबतीत दाखवितो, ती माणसांच्या बाबतीत कोठे जाते?

तेव्हा नुसत्या उपदेशाने भागणार नाही. करावयाच्या गोष्टी सांगतो. कोयता म्हणजे दोन मजूर, असे कारखान्याच्या वहीत लिहिले जावे आणि बाईची मजुरी बाईच्या हाती पडावी. फडावर पाणी, आडोसा आणि पाळीच्या दिवसांत विनादंड विसावा हा मेहरबानीचा नव्हे, कराराचा भाग व्हावा. हा करार ठरविताना तोडणाऱ्या बाया नि पुरुष समोर बसलेले असावेत. पंचायतीच्या बैठकीत निवडून आलेली बाई बोलेल. तिच्या नवऱ्याने बाहेर पारावर बसावे. दलित सरपंचाच्या घरी गावचा कागद जावा, कागदामागून त्याने हिंडू नये. आणि प्रत्येक संघाने, सोसायटीने, कामगार मंडळाने वर्षातून एकदा आपल्या बैठकीची यादी समोर ठेवून मोजावे: आपल्यासाठी राबतो कोण आणि आपल्यात बसतो कोण? दोन याद्या जुळत नसतील, तर त्या बैठकीला आपली म्हणू नये.

आणि वाचकहो, ही मोजणी घरापासून करा. आज रात्री जेवताना पाहा, आधी कोण जेवतो आणि उरलेले कोण खातो. बी कोणते पेरावे, कर्ज काढावे की नाही, पोरीला शाळेत ठेवावे की नाही, हे ठरते तेव्हा घरची बाई चुलीपाशी असते की तुमच्या शेजारी? १८९० साली दहा हजारांपुढे दोन कामकरी बाया उभ्या राहिल्या होत्या. तुमच्या घरातली अजून उभीच आहे. तिला बसावयास सांगा.