जिभेचे पथ्य

मागच्या गणपतीच्या सुमारास माझ्या डायबिटिसच्या एक जुन्या पेशंट, जवळच्या गावच्या आजी, दवाखान्यात आल्या. चार महिने फिरकल्या नव्हत्या. पायाचे बोट चिघळलेले. "आजी, होतात कुठे इतके दिवस?" म्हणून विचारले, तर मान खाली घालून म्हणाल्या, "मागे तुम्हीच बोललात ना डाक्तर, ऐकायचं नाय तर येता कशाला? मग नाय आले."

मला ते वाक्य आठवतही नव्हते. मे महिन्यातली गर्दी, साखर तीनशेच्या वर, आणि आजी सांगतात की मुंबईची नातवंडे आली म्हणून रोज आमरस खाल्ला. मी बोलून गेलो. पुढे पाय वाचला, बोट मात्र काढावे लागले. त्या बोटातला माझा वाटा मी अजून विसरलेलो नाही.

पु. ल. देशपांडे यांनी 'व्यक्ती आणि वल्ली'त अंतू बर्वा रंगवला, तेव्हापासून रत्नागिरीकरांच्या तिरकस बोलण्याचे साऱ्या महाराष्ट्राला कौतुक आहे. आपल्यालाही त्याचा थोडा अभिमानच आहे म्हणा! पण कट्ट्यावरचा खवचटपणा बरोबरीच्या माणसांत शोभतो, कारण समोरच्याला टोला परतवता येतो. आजारी माणसाला, नव्या सुनेला, परीक्षेत राहिलेल्या मुलाला तो परतवता येत नाही. आपले कोकण मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पुढे असते. त्यामुळे इथे नापास झालेल्या मुलाला घरी, शेजारी आणि एस.टी. स्टँडवर काय काय ऐकावे लागत असेल, याची कल्पना करा.

असे शब्द आत साठतात आणि मग माणूस स्वतःशीच त्याच भाषेत बोलू लागतो. 'मी नालायकच,' 'माझ्याच्याने काही व्हायचे नाही.' बाहेरून कोणी बोलत नसते, तरी छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप उडते. शरीराला शिवी बाहेरून आली की आतून, हे कळत नाही. ताणाची संप्रेरके दोन्ही वेळा स्रवतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास नेमके हेच पकडून आपली उपचारपद्धती मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चुकलेल्या कृतीला चूक म्हणा, माणसाला टाकाऊ ठरवू नका, आणि त्या माणसांत स्वतःलाही धरा. आपल्याला हे परके वाटायला नको. समर्थांचे मनाचे श्लोक 205 आहेत, ते मुख्यतः स्वतःच्या मनालाच उद्देशून. कान उपटणारे उपदेश त्यांत भरपूर आहेत, पण हाक मारताना मनाला आधी सज्जन म्हटले आहे.

गोड बोला म्हणजे खोटे बोला, असे मी म्हणत नाही. साखर वाढली तर वाढली असेच सांगितले पाहिजे. मी हल्ली एवढेच करतो, की राग आला तर केसपेपरवर तारीख लिहून होईपर्यंत तोंड उघडत नाही. आणि 'तुम्ही असे का केलेत' ऐवजी 'अडचण काय आली' असे विचारतो. स्वतःशी बोलतानाही हाच प्रश्न चालतो.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, स्वतःला दोष देणे थांबत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर नुसत्या चांगल्या शब्दांवर विसंबू नका. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या गावात आहे. 'तुला रत्नागिरीलाच नेऊन ठेवला पाहिजे' ही बाहेरगावची चेष्टा आपणही करतो, आणि मग त्या फाटकातून आत जायला आपलीच माणसे लाजतात. 2022 पासून 14416 हा सरकारी दूरध्वनी मोफत आणि चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आजी आता दर महिन्याला येतात. परवा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डाक्तर, बारशाला दोन लाडू खाल्ले हां मी." साखर दोनशे दहा होती. मी तारीख लिहायला घेतली.