राखीव अर्धा तास

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा हे वाटा फुटण्याचे ठिकाण. नांदेडहून आलेल्या काही मालमोटारी येथून हिंगोलीकडे वळतात, काही हदगाव-उमरखेडमार्गे नागपूरची वाट धरतात. पुढे नदीला पूर आल्याचे कळले, तर हळदीची गाडी फाट्यावर थांबते. चालक चहा घेतो, मालकाला फोन करतो आणि मगच निघतो. आकाशात असे थांबता येत नाही. तेथील विचार विमान सुटण्यापूर्वी जमिनीवरच करावा लागतो. तो करणारा म्हणजे फ्लाइट डिस्पॅचर, अर्थात उड्डाण-नियोजक.

उतारूंना तो कधी दिसत नाही. वारे, ढग, बंद धावपट्ट्या आणि विमानाचे वजन पाहून तो मार्ग आखतो व इंधनाचा हिशेब मांडतो. मुक्कामापर्यंतचे इंधन, अनपेक्षित विलंबासाठी थोडे अधिक, पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते निराळे आणि शेवटी जेट विमानासाठी तीस मिनिटांचे अंतिम राखीव. या अखेरच्या पुंजीला हात लागणार असे दिसताच वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. मग टाकी काठोकाठ का भरू नये? कारण जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. कमी घेतले तर जिवावर बेतते, उगाच जास्त घेतले तर तोटा होतो.

हा धडा जगाला महागात पडला. 6 मे 1935 रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात खराब हवामानात, इंधन संपत आलेले एक विमान कोसळले. मृतांत सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते. पुढे 1938 च्या कायद्यानंतर तेथे उड्डाणाची जबाबदारी वैमानिक आणि नियोजक यांच्यात वाटली गेली.

1 जुलै 2019 च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे गेले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. मुंबईकडे निघालेली अनेक विमाने अन्य शहरांत सुखरूप उतरली. त्या वळणाचे इंधन ती विमाने निघतानाच कोणीतरी हिशेबात धरले होते.

पेढीवरच्या जुन्या मुनिमाला हे नवे वाटणार नाही. तेजीच्या दिवसांतही तो गंगाजळीला हात लावू देत नसे आणि त्यासाठी मालकाचा रोष पत्करत असे. संकट टळले, तर त्याचे नाव कोणी घेत नाही. उड्डाण-नियोजकाचेही तसेच आहे. विमान उतरते, उतारू आपापल्या घरी जातात आणि तो अर्धा तास टाकीत तसाच शिल्लक राहतो.