एक बेसूर आवाज आणि आपली वीज

रविवारच्या मिस्साला मी क्वायरमध्ये दुसऱ्या रांगेत उभी असते. सूर शेजारणीवरून लावायचा, ही जुनी सवय. नाताळच्या तालमीत एकीने अगदी ठामपणे चुकीचा सूर धरला आणि दोन ओळींत आम्ही सगळ्या तिच्या मागे! सुदामा नगरला घरी परतताना वाटलं, अरे, वीजसुद्धा अशीच चालते की.

खरंच. देशभरातली वीजकेंद्रं एकमेकांना जोडलेली आहेत आणि सगळ्यांनी मिळून ५० हर्ट्झचा एकच ठेका सांभाळायचा असतो. त्यासाठी केंद्रं, उपकेंद्रं, नियंत्रण कक्ष यांच्यात सतत निरोप फिरतात. त्यात कुणी हॅकर शिरला तर? युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये हेच झालं. नियंत्रण कक्षातल्या संगणकांवरून ब्रेकर उघडले गेले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती परत आली कशी? माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर बसवले.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई ठप्प झाली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. एकाच घटनेचे दोन निरोप! सामान्य माणसाने कुठला खरा मानायचा?

हा प्रश्न गणितातही आहे. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी सेनापतींच्या गोष्टीतून दाखवलं, की नुसत्या तोंडी निरोपांवर एका फितुराला पुरून उरायचं तर किमान चार जण लागतात; तिघांत जमत नाही. आजचे संशोधक आणखी एक साधा उपाय सुचवतात: शेजाऱ्यांचे आकडे ऐका, पण सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे सोडून द्या. अट एकच, शेजारी पुरेसे हवेत.

माझं म्हणणं इथेच आहे. आपण खर्च वाचवायला जादा तारा, जादा मोजमापं, जादा माणसं कापतो आणि त्याला ‘स्मार्ट’ म्हणतो. ती उधळपट्टी नव्हे, तोच आपला बचाव आहे. आणि चौकशीचे अहवाल लोकांसमोर ठेवणं हाही त्याचाच भाग.

आमच्या सरांनी तालमीत काय केलं, माहितीये? त्या मुलीला काढलं नाही. आम्हाला सांगितलं, एकीचंच ऐकू नका, चौघींचं ऐका.